मदत हवी आहे: बेसबॉलमधल्या रिलीफ पिचरची किंमत नक्की कुठल्या आकड्याने मोजायची?

नमस्कार मंडळी, मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही दोघं अडकलोय. इथे बेसबॉल बघणारेही आहेत आणि आकडेमोडीत मुरलेलेही, म्हणून विचारतोय. आम्ही मेरीलँडला राहतो, घरात सगळे ओरिओल्सवाले, म्हणजे बाल्टिमोरच्या टीमचे. लेक नववीत आहे, तिचा विषय २०१६ च्या सीझनचा सगळ्यात मोलाचा रिलीव्हर कोण, आणि तिच्या मते उत्तर एकच, आमच्या ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन. ते आकड्यांनी दाखवायचंय आणि तिथेच घोळ झालाय.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी: मॅच नऊ इनिंगची, दर इनिंगला प्रत्येक टीमचे तीन आउट. पिचर म्हणजे बोलर. स्टार्टर पहिल्या पाच-सहा इनिंग टाकतो, मग रिलीव्हर येतात, आणि थोडक्या आघाडीवर शेवटची नववी इनिंग टाकायला येतो तो क्लोजर. आपल्या डेथ ओव्हरवाल्या बोलरसारखंच, फक्त तो मॅचमध्ये सहसा एकच इनिंग टाकतो.

तिने आधी सेव्ह घेतले, म्हणजे थोडकी आघाडी टिकवून मॅच संपवल्याची नोंद. ब्रिटनला त्या वर्षी ४७ संधी मिळाल्या आणि ४७ च्या ४७ सेव्ह. पण टीचर म्हणाल्या की तीन रनांच्या आघाडीवर बेसवर कोणी नसताना येऊन एक इनिंग काढली तरी सेव्ह मिळतो आणि एका रनच्या आघाडीवर बेस भरलेले (तिन्ही बेसवर रनर) असताना येऊन सुटका केली तरी एकच सेव्ह, मग हे माप कसलं? मला पटलं. मग इआरए (दर नऊ इनिंगला दिलेले अर्न्ड रन, म्हणजे फील्डरच्या चुकांचे सोडून) बघितला तर ०.५४, म्हणजे ६७ इनिंगमध्ये फक्त ४ अर्न्ड रन! खूश झालो. पण वॉर (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती विजय जास्त मिळवून दिले) बघितलं तर एका साइटवर अडीचच्या आसपास, दुसरीकडे ४ च्या आसपास, आणि डब्ल्यूपीए, म्हणजे मैदानातल्या प्रत्येक घटनेनंतर जिंकण्याची शक्यता किती हलली त्याची बेरीज, ती ६ च्या वर. एकच माणूस, एकच सीझन, मग अडीच खरं की सहा खरं?

आणि एक गोष्ट मला अजून टोचते. ४ ऑक्टोबर २०१६, टोरांटोला वाइल्ड कार्डची मॅच, अकराव्या इनिंगपर्यंत २-२, आणि मॅनेजर बक शोवॉल्टरने ब्रिटनला मैदानात उतरवलंच नाही. आमच्या उबाल्डो हिमेनेझला टोरांटोच्या एन्कार्नासिओनने तीन रनांचा होमरन मारला आणि आमचं वर्ष संपलं. पाहुण्या टीमला बरोबरीत सेव्ह मिळूच शकत नाही म्हणून क्लोजर आघाडीसाठी राखून ठेवायची पद्धत आहे. म्हणजे कधी बोलवायचं हे मॅनेजरच्या हातात, मग कठीण वेळी टाकल्याचं श्रेय पिचरला द्यायचं का? पुढच्या शुक्रवारी द्यायचंय, प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
दादा, दोन्ही खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. अडीचवालं वॉर फिपवर चालतं, ते इआरएसारखंच माप पण फील्डरचा हात वगळून, त्यात फक्त स्ट्राइकआउट, वॉक, बॅटरला लागलेले बॉल आणि होमरन. ब्रिटनचा फिप १.९४ होता, उत्तमच, पण ०.५४ नाही. कारण त्याचा सिंकर (खाली पडत जाणारा बॉल) जमिनीवर ठोकला जायचा आणि फील्डर आउट करायचे, ते श्रेय फिप देत नाही. ४ वालं वॉर प्रत्यक्ष दिलेल्या रनवर चालतं. आणि इनिंग बघा ना. सरासरी पिचरचा इआरए ४.२ धरला तर ६७ इनिंगमध्ये तो ३१ रन देईल, ब्रिटनने ४ दिले, वाचले २७, आणि साधारण १० रनांना एक विजय. म्हणजे परफेक्टच्या जवळ जाऊनही तीनेक विजयच होतात, स्टार्टर सीझनमध्ये २०० इनिंग टाकतो तिथे रिलीव्हर कमीच पडणार.

आता श्रेयाचं. प्रसंग किती नाजूक ते लेव्हरेज इंडेक्स सांगतो, सरासरी १. पूर्ण श्रेय देऊ नका, कारण ब्रिटन नसता तर नववी इनिंग कोणा नवख्याला नसती मिळाली, आठवी टाकणारा नववीला आला असता, सातवीवाला आठवीला, नवखा कुठेतरी सोप्या जागी. म्हणून निम्मं देतात: इंडेक्समध्ये १ मिळवायचा आणि २ ने भागायचं. इंडेक्स १.८ असेल तर वॉरचा गुणक १.४. लेकीला हीच साखळी चार्टवर काढायला सांगा, टीचरना आवडेल.

प्रतिसाद २:
एक राहिलं, दुसऱ्याने बेसवर ठेवलेले रनर. रिलीव्हरने ते घरी येऊ दिले तरी रन आधीच्या पिचरच्या नावावर लागतात, रिलीव्हरचा इआरए स्वच्छ राहतो. आरई२४ बघा, म्हणजे अपेक्षेपेक्षा किती रन वाचवले, त्यात रिलीव्हर आला तेव्हाची बेस आणि आउटची स्थिती धरतात. बेस रिकामे आणि शून्य आउट असताना सरासरी अर्धा रन अपेक्षित असतो, बेस भरलेले असताना सव्वादोनच्या आसपास. इनिंगच्या मधे येणाऱ्यांना याशिवाय न्याय मिळत नाही.

धागाकर्ता:
दोघांचे खूप आभार! साखळीचं लेकीला एका झटक्यात समजलं, म्हणाली म्हणजे बाबा आपण ब्रिटनची नाही, त्याच्या मागच्या सगळ्या रांगेची तुलना करतोय. आता आरई२४ आणि निम्म्या श्रेयाचं वॉर असे दोन कॉलम घेतोय, डब्ल्यूपीए वेगळ्या पानावर "घडलं काय" म्हणून. एकच विचारतो, सेव्हचा कॉलम काढून टाकू की शेजारी ठेवू? तिला ते ४७ काढवत नाहीयेत.

प्रतिसाद १:
ठेवा. शेजारी आरई२४ असलं की फरक दिसतोच.