मदत हवी आहे: क्वेचुआ गावात जाणाऱ्या भाचीसाठी

वसईची माझी भाची सिस्टर, म्हणजे नन आहे. पेरूमधल्या कुस्को शहराजवळ, क्वेचुआ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका गावात ती मिशनच्या कामाला निघाली आहे. कुस्कोच साधारण ३४०० मीटरवर. विरळ हवेचं डॉक्टरांशी बोलून झालंय. काळजी वेगळीच आहे. तिथे पाहुण्याला कोकाची पानं देतात, डोंगरांचं स्मरण करून त्यांवर फुंकर घालतात. चिचा, म्हणजे मक्याची दारू, पिण्याआधी थोडी पाचामामासाठी, म्हणजे धरतीमातेसाठी, जमिनीवर ओततात. सिस्टरने यात सामील व्हावं का? नाकारलं तर म्हाताऱ्या माणसांचं मन दुखावेल, असं मला फार वाटतं. सतराव्या शतकात पाद्र्यांनी तिथल्या पूर्वजांच्या ममीसुद्धा जाळल्या होत्या! तिथल्या अँडीज पर्वतात राहिलेलं कुणी आहे का इथे? आणि स्पॅनिश न येणाऱ्या आज्यांशी बोलण्यापुरती क्वेचुआ कुठे शिकता येईल?