कागद नव्हता, तरी घर मिळालं

‘भाडेकरूंच्या हातात मालकीचा कागदच नसतो, मग भूकंपानंतर ते भांडणार कशाच्या जोरावर?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मेक्सिको सिटी बघा. १९ सप्टेंबर १९८५च्या भूकंपात तिथल्या मध्यवर्ती भागातल्या जुनाट चाळी कोसळल्या. भाडी वर्षानुवर्षं गोठवलेली, त्यामुळे मालकांना (अर्थातच!) भाडेकरू गेलेलेच हवे होते. लोक मात्र हलले नाहीत. ढिगाऱ्यासमोर, भर रस्त्यात तंबू ठोकून राहिले, मोर्चे काढत राहिले. ऑक्टोबरमध्ये सरकारला हजारो भूखंड ताब्यात घ्यावे लागले. पुढे ४०,०००हून अधिक घरं, बहुतांशी जुन्याच जागी, भाडेकरूंच्या मालकीची झाली. लांबच्या छावणीत जाऊन यादीची वाट बघत बसले असते, तर जागा हातची गेलीच होती.