मदत हवी आहे: ७८०५ (५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर आयसी, म्हणजे चिप) साठी घरीच हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा पत्रा) करायचा आहे, पत्रा किती मोठा घेऊ?

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात आमच्या शेतातल्या खोलीवर १२ व्होल्टची बॅटरी सोलरवर चार्ज होते. बाबांचा रेडिओ आणि मोबाईल त्यावर चालवायला ५ व्होल्ट हवेत. बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं स्विचिंग सर्किट) लावलं की मिडियम वेव्हवर इतकी घरघर येते की बातम्यांचा एक शब्द कळत नाही. म्हणून साधा ७८०५ लावतोय.

भर दुपारी बॅटरी १४.४ व्होल्टला जाते, लोड ०.८ अँपिअर. म्हणजे (१४.४ − ५) × ०.८, साधारण ७.५ वॅट नुसती उष्णता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, डब्यात ५० धरू. चिपची मर्यादा १२५ अंश, मी १०५ धरलेत. म्हणजे तापमान ५५ अंश वाढायला मुभा; ५५ भागिले ७.५ म्हणजे दर वॅटला ७.३ अंश. त्यातले ५ चिप ते टॅब (आयसीच्या पाठीची धातूची पट्टी) एवढ्यातच जातात, अर्धा थर्मल पेस्टमध्ये. हीटसिंकला उरतात जेमतेम १.८!

फॅब्रिकेटरकडे ३ मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा मिळतोय. अडलंय ते पुढे. पत्र्याचा एक चौरस मीटर दर अंशामागे १० वॅट उष्णता हवेत सोडतो असं धरलं तर दोन्ही बाजू मिळून ५५० चौरस सेंमी पुरतात, ६ धरले तर ९०० च्या वर जातात. कोणता आकडा धरू? काळ्या रंगाने खरंच फरक पडतो का? धूळ फार, त्यामुळे पंखा नको.

प्रतिसाद:

दादा, कोऱ्या चकचकीत पत्र्याला ६ धरा, मॅट काळा पातळ हात दिला तर १०. टॅब टेकतो तेवढी जागा मात्र कोरी ठेवा. पत्रा उभा, डब्याच्या बाहेर आणि सावलीत लावा. ७८०५ चा टॅब ग्राउंडलाच असतो, त्यामुळे मध्ये वीजरोधक अभ्रकाची चकती लागणार नाही, तेवढाच अडथळा कमी.

पण पत्रा वाढवण्याआधी आयसीवरचा भार उतरवा. बॅटरी आणि ७८०५ च्या मध्ये ४.७ ओहमचा १० वॅटी सिमेंट रेझिस्टर टाका. ३ वॅट तो खाईल, आयसीला ४.५ उरतील. मग हीटसिंकला ६.७ अंश प्रति वॅट चालतात. १० बाय १० सेंमीचा काळा पत्रा पुरेल. बॅटरी ११ व्होल्टवर आली तरी आयसीला ७.२ मिळतात, तेवढे लागतातच. इनपुटचा कपॅसिटर रेझिस्टरनंतर, आयसीच्या पायाशी लावा. रेझिस्टरही चांगलाच तापतो, वायरींपासून लांब ठेवा.

आणि मोबाईल खरंच किती करंट ओढतो ते आधी मीटर लावून बघा. ०.८ च्या वर गेला तर ४.७ ऐवजी कमी ओहमचा घ्यावा लागेल. मोजून आकडा इथे टाका, परत गणित करून देतो.