मदत हवी आहे: प्रिझमचा चष्मा काढला की परिणाम दिसत नाही (डावीकडचं दुर्लक्ष)

पेशंटला उजव्या मेंदूचा स्ट्रोक, सहा आठवडे झालेत. डोळ्यांना दिसत असलं तरी मेंदू डावीकडे लक्ष देत नाही. ताटातल्या डावीकडच्या भाजीला हात लागत नाही, रेघेचा मध्य उजवीकडे धरतात. दोन्ही डोळ्यांना २० डायोप्टरचं प्रिझम (दृश्य उजवीकडे सरकवणारी काच) लावून समोरच्या ठिपक्याला बोट लावायला सांगतो, रोज ६० वेळा. पहिले काही नेम उजवीकडे चुकतात, मग बरोबर बसतात. चष्मा काढल्यावर बोट डावीकडे सरकायला हवं, पण ते आधीसारखंच राहतं. काय चुकतंय?

प्रतिसाद

सुरुवातीला नेम उजवीकडे चुकतोय, म्हणजे प्रिझमची जाड कड डावीकडेच आहे. ती तपासायची गरज नाही. शंका हाताची आहे. पूर्ण हात दिसत असेल तर पेशंट वाटेतच बघून बघून बोट वळवतो. नेम बसतो, पण डोळ्याचं आणि हाताचं गणित मेंदू नव्याने मांडत नाही.

खांद्यापासून कोपराच्या पुढेपर्यंत पुठ्ठ्याचं झाकण करा. शेवटी फक्त बोटाचं टोक दिसू द्या. हालचाल एका झटक्यात हवी, सावकाश नको. प्रत्येक वेळी हात छातीशी परत. हनुवटी टेकवून ठेवा, नाहीतर मान वळते. ठिपके मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण १० अंशांवर, क्रम उलटसुलट.

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या रोसेत्ती आणि सहकाऱ्यांनी १० अंश सरकवणारं प्रिझम आणि ५० नेम वापरले होते. २० डायोप्टर म्हणजे सुमारे ११ अंश. त्यामुळे तुमच्या प्रिझमचा नंबर आणि नेमांचा आकडा दोन्ही पुरेसे आहेत.

मूळ प्रश्नकर्ता

झाकण नव्हतंच! आणि चष्मा काढून लगेच उघड्या डोळ्यांनी ठिपक्याला बोट लावायला सांगत होतो.

प्रतिसाद

मग मोजमापही फसलं. आपलाच हात दिसला की थोड्याच नेमांत परिणाम पुसला जाऊ शकतो. डोळे मिटवून चष्मा काढा आणि डोळे मिटलेलेच असताना "नाकासमोर सरळ बोट दाखवा" म्हणा, आधी आणि नंतर. बोट डावीकडे सरकलं तरच पुढचा वेळ घाला.

दुसरा प्रतिसाद

अर्धं दृष्टिक्षेत्र गेलंय का, तेही नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. दुर्लक्ष आणि दृष्टिक्षेत्र जाणं, दोन्ही एकत्र असू शकतात. नुसतं क्षेत्र गेलेला माणूस मान वळवून भरपाई करतो आणि रेघेचा मध्य बहुधा आंधळ्या बाजूकडे धरतो.

प्रिझमने रोजच्या व्यवहारात किती फरक पडतो याचा पुरावा अजून डळमळीत आहे, म्हणून त्याच्याच भरवशावर राहू नका. वाचताना डाव्या समासाला जाड लाल रेघ ओढा, ती दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. जमेल तितकी डाव्या हाताची बोटं हलवायला लावा, हात शरीराच्या डावीकडेच ठेवून.