भूमिगत खाणी बंद करण्याचं गणित
तोट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींना कुलूप लावून सगळं उत्पादन खुल्या खाणींवर (वरची माती काढून खणतात त्या) न्यावं, असं काही जण म्हणतात. टनामागचा खर्च पाहिला तर म्हणणं खरं आहे. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापासून माणसं जास्त आणि कोळसा कमी अशा कितीतरी खाणी कोल इंडिया या सरकारी कंपनीच्या गळ्यात आहेत. पण खुल्या खाणीला जमीन लागते, अन् ती फक्त कोळशावरची नाही. वरची माती टाकायलाही शेतंच जातात.

खाणीत गेलेल्या दोन एकरांमागे एक नोकरी, हे कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणातलं सूत्र कागदावर सरळ दिसतं. यवतमाळातल्या वणीकडे माझ्या मामांची साडेतीन एकर गेली, भाऊ तीन. म्हणजे नोकरी एकच. ओसरीवर कंदिलाशी (लाइट गेली होती, नेहमीप्रमाणे) सातबारे पसरून रात्रभर बोलणी झाली. शेवटी धाकट्या मामांच्या पोराचं नाव लागलं, तो आयटीआय झालेला म्हणून. मोठे मामा अजून त्या घरचा चहा घेत नाहीत. त्या वावरात कापूस वेचायला येणाऱ्या बायांचं तर सातबाऱ्यावर नावच नव्हतं, त्यांचा मोबदला कोणी काढलाच नाही.