मदत हवी आहे : एकदा दचकलेली म्हैस पान्हाच सोडत नाही

मंडळी, आमच्याकडे कोल्हापूरजवळ तीन पंढरपुरी म्हशी आहेत. त्यातली राणी तिसऱ्या वेताची, स्वभावानं अगदी गरीब. तीन आठवड्यांपूर्वी मी धार काढायला बसलो आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडवर ग्राइंडर सुरू झाला. तिनं पाय झाडला, स्टीलची बादली फरशीवर आदळली. दोन मिनिटांचा प्रकार, इजा काही नाही. पण तेव्हापासून बादलीची कडी वाजली की कान मागे जातात, पाठ ताठ होते. वाटीभर दूध येतं आणि धार तुटते, कास मात्र टम्म. रेडकू लावलं की पान्हा सोडते, ते बाजूला घेऊन बादली लावली की परत बंद. डॉक्टरांनी तपासलंय, कासदाह नाही.

वडील म्हणतात, "म्हस चोरायला लागली." मला हा शब्दच पटत नाही. म्हशीच्या कासेच्या टाकीत जेमतेम पाच टक्के दूध असतं, बाकी सगळं आत ग्रंथींमध्ये. ते उतरायला मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटावं लागतं, आणि ते काही तिच्या मर्जीवर नाही. भीतीत ते अडतं, शिवाय त्या वेळी रक्तात वाढणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनमुळं कासेचा रक्तपुरवठा घटतो. १९४१ मध्ये अमेरिकेत एली आणि पीटरसन या संशोधकांनी धारेच्या वेळी गायींना मुद्दाम दचकवून आणि अ‍ॅड्रेनॅलिन टोचून भीतीनं दूध अडतं हे दाखवलं होतं.

पण आता ग्राइंडर नाही, काम कधीच संपलं. राहिली ती बादली. दचकताना सुटणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन त्या वेळची आठवण घट्ट करतं, एवढं मी वाचलंय. एरवी आवाजाला भिणारी ही म्हैस नव्हे. आम्ही घ्यायच्या आधी दोन वर्षं ती कोल्हापुरात गंगावेशीत, समोर धार काढून दूध देतात त्या दूध कट्ट्यावर उभी असायची. हॉर्न, गर्दी, ग्लास घेऊन थांबलेली माणसं, त्यातही धार द्यायची!

शेजारी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सुचवतात. ते मला नको. त्याची सवय लागली की त्याशिवाय दूध उतरत नाही.

परवापासून प्लास्टिकची बादली आणलीय. आधी आंबोण, मग दोन-तीन मिनिटं कास चोळणं. काल निम्म्यावर दूध आलं. आता अडचण अशी : पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांत, खाण्याच्या खुणेला लाळ गाळायची विझलेली सवय काही काळानं आपोआप परत यायची, म्हणजे जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते. मग स्टीलची बादली कायमची लपवावी, की आंबोण खाताना लांबून हळूहळू तिची कडी वाजवत राहावं? जागाही बदलावी का? नव्या जागी सुधारली आणि जुन्या दाव्याला परत बांधल्यावर बिघडली, असं व्हायला नको.

कुणी असं जनावर परत मार्गी लावलं असेल तर किती दिवस लागले आणि रेडकू कधी सोडवलं, तेवढं नक्की सांगा.