आण्णांच्या वारीच्या प्लेअरची बॅटरी मेलीय, प्रस्थानाला बारा दिवस उरलेत

पायरीवरची

विषय किरकोळ आहे, पण घरात चार दिवस यावरूनच धुसफूस चाललीय, म्हणून विचारते.

माझ्या सासऱ्यांकडे (आम्ही आण्णा म्हणतो, वय 74, मूळ बार्शीकडचे) तळहाताएवढा गाण्यांचा प्लेअर आहे. एफएम, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, पुढे जाळीचा स्पीकर. कंपनीचं नाव कधीच घासून गेलं. तो वर्षातून एकदाच बाहेर निघतो, आळंदी ते पंढरपूर. उरलेले अकरा महिने माळ्यावर पत्र्याच्या डब्यात, बुक्क्याच्या पुडीशेजारी. चार दिवसांपूर्वी काढला तर ढिम्म.

नवऱ्याच्या फोनच्या 67 वॉटच्या चार्जरला रात्रभर लावून ठेवला. वायर खोचली तेव्हा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. सकाळी तसाच मेलेला. आता नवरा म्हणतो, एवढ्या मोठ्या चार्जरने तूच बॅटरी जाळलीस.

मागचं झाकण सरकवलं की बॅटरी हातात येते. तिच्यावर बीएल-5सी, 3.7 व्होल्ट, 1020 एमएएच असं लिहिलंय.

'नवीन प्लेअर घेऊन देते' म्हणून बघितलं. आण्णा ताटावरून उठले नाहीत एवढंच. त्यांचंही बरोबर आहे. राहुटीत अंधारात त्यांना बटणं बोटांनी ओळखू येतात. प्लेच्या बटणावर सासूबाईंनी टिकली चिकटवून दिलीय, ती चाचपली की झालं. शिवाय गेल्या वर्षी भांडीशेगावच्या मुक्कामी दिंडीतलं भजन त्यांनी स्वतः त्यात रेकॉर्ड केलंय. बॅटरी मेली म्हणजे तेही गेलं का?

घरात मल्टिमीटर आहे, पिवळा, स्वस्तातला. वापरायचा कसा ते कुणालाच माहीत नाही.

जुनं सोल्डर

ताई, आधी यजमानांना सांगा, बॅटरी तुम्ही जाळलेली नाही. चार्जर कितीही मोठा असू दे, समोरच्या यंत्राने जास्त मागितलं नाही तर तो 5 व्होल्टच देतो. करंट तर यंत्र ओढेल तेवढाच जातो. 67 वॉट तो फक्त त्याच्या ओळखीच्या फोनलाच देतो.

रेकॉर्डिंग बॅटरीत नसतं. कार्डात असेल तर कार्ड काढून आजच कॉम्प्युटरवर उतरवा. अशा मेमरीला टिकायला वीज लागत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण बाकी कशालाही हात लावायच्या आधी हे उरकून घ्या.

ही बॅटरी म्हणजे नोकिया 1100 मध्ये यायची तीच. तो फोन गेला, त्याची बॅटरी मात्र भजनाच्या डब्यांत आणि रेडिओत अजून नांदतेय. साताऱ्यात तीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त करतोय, हल्ली निम्मं काम याच डब्यांचं.

बॅटरी बाहेर काढा. काचेच्या टेबलावर आडवी ठेवून बोटाने फिरवा. सपाट असेल तर घासत जाऊन थांबेल. भिंगरीसारखी गरगर फिरली तर तिचं पोट सुटलंय असं समजा. मग मीटर-बिटर काही नको, ती पुन्हा चार्जरला लावायची नाही.

सपाट असेल तर मीटरचा खटका डीसी व्होल्टच्या 20 वर आणा. काळी वायर सीओएम लिहिलेल्या भोकात, लाल शेजारच्या व्होल्टच्या भोकात. बॅटरीला तीन सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेला + आणि − खुणा आहेत, तिथेच टोकं टेकवा. मधली पट्टी फोनला बॅटरी ओळखता यावी म्हणून असते, तिला सोडून द्या. आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. आकडा काय येतो ते इथे लिहा.

खटपट्या

एवढं रामायण कशाला? बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी 9 व्होल्टच्या चौकोनी सेलला दोन वायरी जोडून अधिकाला अधिक, उण्याला उणे, पाच-सहा सेकंद टेकवा. मी तीन बॅटऱ्या अशा उठवल्यात.

प्रयोगशाळा

खटपट्या, तिन्ही बॅटऱ्या आज कुठे आहेत तेही लिहा.

फ्रीजरने काही होत नाही, फक्त बाहेर काढल्यावर बॅटरीला दव सुटतं. 9 व्होल्टचा प्रकार मात्र खरोखर धोक्याचा आहे. ही लिथियम आयनची बॅटरी, पूर्ण भरली तरी 4.2 व्होल्टची. तिच्या डोक्यावर 9 व्होल्ट घालायचे, आणि तेही वायरी हाताने धरून!

अशी बॅटरी रिकामी होत 2.5 व्होल्टच्या आसपास आली की तिच्या आतलं नखाएवढं सर्किट बाहेरचा रस्ता बंद करतं. ते तिच्या भल्यासाठीच असतं. पण आतली झीज चालूच राहते, आणि ते सर्किट स्वतःही थेंबथेंब पीत असतं. महिनोन् महिने तशीच पडून राहिली तर आतल्या ऋण बाजूचा तांब्याचा पातळ पत्रा विरघळायला लागतो. पुढे तुम्ही ती जबरदस्तीने चार्ज केली की ते तांबं भलत्याच जागी जाऊन साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणजे उठवलेली बॅटरी त्या दिवशी चालेल, पण आण्णांच्या उशाशी झोपेल तेव्हा काय करेल याचा भरवसा नाही.

माझं मत विचाराल तर मापंबिपं घेत बसू नका. अकरा महिने पडून होती ना? नवी घ्या.

पायरीवरची

कार्ड उतरवलं. चौदा फाइली निघाल्या, सगळ्या वाजतात. तेरा भजनाच्या आहेत. चौदावी म्हणजे ताडपत्रीवर पडणाऱ्या पावसाचा चाळीस मिनिटं नुसता आवाज, बटण बंद करायचं राहिलं असणार. पुसू का विचारलं, तर आण्णा म्हणाले, "राहू दे की. ती का जागा मागतीय?"

बॅटरी काचेवर फिरवली, घासत थांबली, म्हणजे पोट नाही. मीटर लावला: 0.00. टोकं बदलून लावली, तरी 0.00. मीटरच बंद असेल म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून मापला, तो 1.43 आला. म्हणजे मीटर बरा आहे आणि मलाही जमतंय. (घड्याळ आता वीस मिनिटं मागे आहे, कुणाच्या लक्षात आलेलं नाही.)

प्रयोगशाळा म्हणतात ते पटतंय. पण सोल्डरकाका, 0.00 म्हणजे ठार मेली असंच ना?

जुनं सोल्डर

असंच असं नाही. सेल अगदी बाद झाला तरी बहुतेक वेळा अर्धा-एक व्होल्ट कुठेतरी दाखवतो. सरळ 0.00 आला की माझा पहिला संशय आतल्या सर्किटने दार लावून घेतल्याचा. दाराआड 2 व्होल्ट असतील किंवा काहीच नसेल, बाहेरून कळत नाही. चार्जरचा व्होल्टेज मिळाला की ते दार आपोआप उघडतं, त्याला 9 व्होल्टचे धक्के लागत नाहीत.

जवळच्या मोबाइलवाल्याकडे चिमट्याचा युनिव्हर्सल चार्जर असेल, बॅटरी बाहेरच्या बाहेर चार्ज करायचा. त्यात पंधरा मिनिटं लावा, समोर उभं राहून. हाताला कोमट लागली की लगेच काढायची. मग मापा, आणि काही न जोडता दोन तासांनी पुन्हा मापा. आकडा जागेवर राहिला तर विचार करू. घसरला तर विषय संपला.

प्रयोगशाळा मॅडमचं चूक नाही. मीही ही बॅटरी वारीला पाठवणार नाही. पण ती कशाने मेली ते कळायला हवं, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाते.

पायरीवरची

केलं. पंधरा मिनिटांनंतर 3.31 आला आणि मला उगाचच आनंद झाला. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, चांगलीय की." घरी येऊन दोन तासांनी 2.74. रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा 0.00.

प्रयोगशाळा

संपली. काही न जोडता एवढी घसरते म्हणजे आतच गळतीय. सोनेरी पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेतात तिथे द्या. घंटागाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांवर टाकलेली आहे, त्यामुळे काही दुकानांत यासाठी डबाही ठेवलेला दिसतो.

जुनं सोल्डर

नवी घेताना मीटर पिशवीत टाकून घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू द्या. 3.6 ते 3.9 च्या दरम्यान दाखवली तर घ्या. 3 च्या खाली असेल तर ती दुकानातच म्हातारी झालीय. या मापाच्या बॅटरीत हजार-बाराशे एमएएचपेक्षा फार जास्त मावत नाही. वर 3000 छापलेलं दिसलं तर छपाईचे पैसे कशाला द्यायचे? जुनी एका हातात, नवी दुसऱ्या हातात धरा. नवी फारच हलकी लागली तर परत ठेवा.

पायरीवरची

220 रुपयांना मिळाली. दुकानात 3.78. घालताच प्लेअर सुरू झाला, आण्णांनी टिकली चाचपून लगेच भजन लावलं, नवऱ्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. मला वाटलं इथे येऊन सगळ्यांचे आभार मानावेत आणि धागा बंद करावा.

तर काल संध्याकाळी वाजून वाजून बंद पडला. रात्रभर चार्जिंगला लावला. सकाळी बॅटरी काढून मापली तर 3.41. रात्री लावायच्या आधी मापली होती, तेव्हाही 3.41 च होती. म्हणजे आत काहीच गेलं नाही. आता सहा दिवस उरलेत आणि मला रडू यायचं बाकी आहे.

जुनं सोल्डर

रडू नका, आता खरा चोर सापडतोय. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं होतंत की लाल दिवा 'क्षणभर' लागला. मी वाचून पुढे गेलो, चूक माझी. चिमट्याच्या चार्जरनेही आपल्याला फसवलं. त्याने बॅटरी बाहेरून भरली, प्लेअरची चार्जिंगची वाट तपासलीच गेली नाही.

वायर लावा आणि पिन हळूच वर-खाली, डावी-उजवी दाबून बघा. दिवा एखाद्या जागी लागतो का?

पायरीवरची

वर उचलून धरलं की लागतो! सोडलं की गेला. तीन वायरी बदलून बघितल्या, तिन्हींना तसंच.

जुनं सोल्डर

मग वायरी बऱ्या आहेत. चार्जिंगची जॅक, म्हणजे वायर खोचतो ती खाच, बोर्डावरून सुटलीय, सोल्डर तडकलंय. रबरबँड लावून, खाली काडेपेटी सरकवून चार्ज करू नका. लोक करतात आणि मग बोर्डाची तांब्याची रेघच उखडून माझ्याकडे आणतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याला 'जॅकचं सोल्डर तडकलंय, पुन्हा मार, ढिली असेल तर जॅक बदल' एवढंच सांगा. अर्ध्या तासाचं काम. आणि आण्णांना एक विचारा, गेल्या वर्षी शेवटचा चार्ज कधी झाला होता?

पायरीवरची

झालं. 80 रुपये. जॅक नवीन बसवली. झाकण उघडताना मुलगा टिकली सोलायला निघाला होता, त्याचा हात मी वेळेत धरला. आता दिवा स्थिर लागतो, आणि रात्रीत 3.41 चे 4.17 झाले.

आण्णांना विचारलं. बोलणं जसंच्या तसं देते: "वाखरीलाच लाइट लागंना झाला हुता. तंबूत कुनाचा तरी पाय वायरीत आडकला आन् डबा खाली आपटला. म्हनलं, घरी गेल्यावर बघू. घरी आल्यावर बंदच पडलेला, मग ठिवला डब्यात." अकरा महिन्यांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

म्हणजे जॅक गेली म्हणून चार्ज झाला नाही, चार्ज झाला नाही म्हणून रिकामाच माळ्यावर गेला, आणि रिकामा पडून बॅटरी मेली. बरोबर ना काका?

जुनं सोल्डर

बरोबर. त्यात आणखी एक भर घाला. बटण दाबून बंद होणारे हे प्लेअर बंद असतानाही किंचित पीत असतात. म्हणून वारीहून आल्यावर बॅटरी अर्धी भरून, बाहेर काढून, कागदात गुंडाळून वेगळी ठेवा. माळ्यावर नको, पत्र्याखाली तापतं. तीन महिन्यांनी एकदा घालून थोडी भरायची.

पायरीवरची

आण्णांनी तीन महिन्यांचं गणित लगेच लावलं: दसरा, संक्रांत, पाडवा. डब्याच्या झाकणावर खिळ्याने तीन रेघा ओढल्यात.

पायरीवरची

(नऊ दिवसांनी) धागा वर आणतेय, माफ करा. आण्णांचा सासवडहून फोन आलाय. पॉवरबँक लावली की चार्जिंग सुरू होतं आणि थोड्या वेळाने पॉवरबँकच बंद पडते. पुन्हा जॅक गेली का?

प्रयोगशाळा

बॅटरी भरत आली की प्लेअर इतका कमी करंट घेतो की पॉवरबँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, मग ती झोपी जाते. प्लेअर वाजतोय का विचारा.

पायरीवरची

विचारलं. म्हणाले, "वाजतोय की, सकाळपास्नं." मग फोन केला कशाला, तर पॉवरबँक शेजारच्या दिंडीतल्या माणसाची आहे आणि तो माणूस यांच्याकडे भरपाई मागत होता. त्याला स्पीकरवर घेऊन तुमचं वरचं उत्तर वाचून दाखवलं. मिटलं.